पोर्तुगालने ज्यूंना ‘हाकलले’ असे लिहू नका: पाठ्यपुस्तके आणि वारसाफलक लिहिणाऱ्यांना खुले पत्र

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

गोव्यात आणि महाराष्ट्रात इतिहासाचे धडे लिहिणारे, संग्रहालयांचे आणि उद्यानांचे माहितीफलक तयार करणारे, पर्यटक मार्गदर्शकांना टिपणे पुरवणारे, अशा सगळ्यांना हे पत्र आहे. आमची तक्रार एका वाक्याबद्दल आहे. ‘१४९२ मध्ये स्पेनने आणि पाठोपाठ पोर्तुगालने ज्यूंना देशाबाहेर हाकलले’ हे ते वाक्य. छोटे आहे, मुलांच्या लक्षात राहते, परीक्षेत रिकाम्या जागेत बसते. पण त्याचा उत्तरार्ध चुकीचा आहे. स्पेनने ज्यूंना हाकलले हे खरे. पोर्तुगालने हाकलण्याचा हुकूम काढला, मग बंदरे बंद केली आणि जे जाऊ पाहत होते त्यांना धरून बाप्तिस्मा दिला. ही गोष्ट गाळली तर त्या हुकमानंतर चौसष्ट वर्षांनी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाचा शोध घेणारे चर्चचे न्यायालय, का आले, आणि आले तेव्हा सुरुवातीला कोणाला धरायला आले, याचा उलगडा होत नाही.

सुरुवात एका कायद्याच्या मुद्द्यापासून करावी लागेल. इन्क्विझिशनचा अधिकार मुळात बाप्तिस्मा झालेल्या माणसावर चालायचा. सिनेगॉगमध्ये जाऊन उघड प्रार्थना करणारा ज्यू त्या न्यायालयाच्या लेखी परधर्मी होता, पाखंडी नव्हता. पाखंडी ठरायला आधी ख्रिस्ती असावे लागते. मग जबरदस्तीने झालेला बाप्तिस्मा धरायचा की नाही? ६३३ मध्ये तोलेदोच्या चौथ्या धर्मपरिषदेने सांगितले की सक्ती करू नये, पण ज्यांच्यावर ती झालेली आहे त्यांनी ख्रिस्ती म्हणूनच राहावे. १२०१ मध्ये पोप तिसरा इनोसंट याने ही गाठ आणखी आवळली. मारहाणीच्या किंवा धमकीच्या भीतीने का होईना, ज्याने बाप्तिस्मा घेतला त्याच्यावर ख्रिस्ती असण्याचा ठसा उमटला. शेवटपर्यंत ‘नको, नको’ म्हणत राहिलेल्या माणसापुरताच तो ठसा उमटत नाही. गळ्यावर सुरी असताना ‘हो’ म्हटलेल्याला या नियमाने परतीची वाट ठेवली नाही. धड्यात एकच कायदा समजावून सांगायला जागा असेल तर हा सांगा.

स्पेनमध्ये या नियमाचे परिणाम आधी दिसले. जून १३९१ मध्ये सेव्हिलमध्ये दंगल उसळली. एसिहाचा आर्चडीकन (चर्चमधला एक अधिकारी) फेर्रान मार्तिनेस तिथे कित्येक वर्षे ज्यूंविरुद्ध प्रवचने देत होता. पुढच्या काही आठवड्यांत कोर्दोबा, तोलेदो, वालेन्सिया, बार्सिलोना इथले ज्यू मोहल्ले लुटले गेले, आणि जीव वाचवण्यासाठी हजारोंनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची मुले-नातवंडे ख्रिस्ती म्हणून वाढली, तरी संशय काही सुटला नाही. १४४९ मध्ये तोलेदो शहराने ज्यू वंशाच्या ख्रिस्त्यांना सरकारी पदे बंद केली. ‘शुद्ध रक्ता’चा नियम तिथून पसरत गेला. १४७८ मध्ये पोपची परवानगी आली, १४८० मध्ये इन्क्विझिटर नेमले गेले, आणि ६ फेब्रुवारी १४८१ रोजी सेव्हिलमध्ये पहिल्या सहा जणांना जाळले.

३१ मार्च १४९२ चा हकालपट्टीचा हुकूम वाचताना त्यात दिलेले कारण जरूर पाहा. ज्यू शेजारी राहिले तर नवे ख्रिस्ती पुन्हा जुन्या चालीरीतींकडे वळतात, म्हणून ज्यूंनी जावे, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची सक्ती हेच हकालपट्टीचे निमित्त झाले. मुदत जुलैअखेरची होती. सोने, चांदी आणि नाणी बाहेर नेण्यास बंदी होती; माल किंवा हुंडी नेता येत असे. एकाच वेळी सगळे विकायला निघाले, तारीख ठरलेली, आणि गिऱ्हाइकाला ती माहीत. बाजारभाव काय झाले ते त्या काळचा धर्मगुरू आंद्रेस बेर्नाल्देस सांगतो: घर दिले आणि गाढव घेतले, द्राक्षमळा दिला आणि थोडे कापड घेतले. व्हितोरिया गावच्या ज्यूंनी आपली दफनभूमी गावाला दिली, ती कधी नांगरायची नाही या अटीवर. गावाने ही अट साडेचारशेहून जास्त वर्षे पाळली. सगळ्या हकिकतीत दिलेला शब्द पाळल्याचे असे उदाहरण विरळाच, म्हणून ते इथे नोंदवतो.

स्पेनमधून निघालेल्यांपैकी मोठा भाग पायी पोर्तुगालला गेला, आणि इथून पुढे सावकाश लिहायला हवे.

पोर्तुगालचा राजा दुसरा जुआंव याने श्रीमंत अशा सुमारे ६०० कुटुंबांना मोठी रक्कम घेऊन राहू दिले. बाकीच्यांना माणशी आठ क्रुझादो कर आणि आठ महिन्यांची मुदत. मुदतीत जहाजे पुरवायची जबाबदारी राजाने घेतली होती. जहाजे पुरेशी आली नाहीत, जी आली त्यांतल्या प्रवाशांना लुटले गेले, आणि मागे राहिलेल्यांना गुलाम ठरवले. त्यांची मुले काढून घेऊन १४९३ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या साओ तोमे बेटावर वसाहतीसाठी पाठवली. बेट दमट आणि तापाचे. बहुतेक मुले तिथे दगावली.

ऑक्टोबर १४९५ मध्ये मानुएल गादीवर आला आणि त्याने या गुलामांना मोकळे केले. धडे लिहिणाऱ्यांची गफलत बहुतेक वेळा इथेच होते: मानुएल एक तर दयाळू ठरतो नाहीतर क्रूर. त्याचा हिशेब सरळ होता. त्याला स्पेनच्या राजकन्येशी, इझाबेलशी, लग्न करायचे होते आणि स्पेनची अट होती की पोर्तुगालमध्ये ज्यू नकोत. पण वैद्य, कारागीर, व्यापारी आणि कर भरणारी ही माणसे त्याला गमवायचीही नव्हती. ५ डिसेंबर १४९६ रोजी त्याने हुकूम काढला: ज्यूंनी आणि मुसलमानांनी ऑक्टोबर १४९७ अखेरपर्यंत राज्य सोडावे. नुसता हुकूम वाचला तर ती हकालपट्टीच वाटते. अंमलबजावणी अशी झाली.

१४९७ च्या वसंतात, ज्यूंच्या पेसाह सणाच्या सुमारास, चौदा वर्षांखालची मुले आईबापांकडून काढून घेण्याचा आदेश निघाला. मुलांना बाप्तिस्मा देऊन दूरच्या गावांतील ख्रिस्ती घरांत वाटले. आईबापांपुढे पर्याय ठेवला गेला: तुम्ही ख्रिस्ती व्हा, मुले परत मिळतील. इतिवृत्तकार दामियांव द गोइश लिहितो की काहींनी मुलांचा आणि स्वतःचाही जीव घेतला. दुसरी पायरी बंदरांची. आधी निघण्यासाठी काही बंदरे ठरवली होती, नंतर एकट्या लिस्बनमधूनच जाता येईल असे ठरले. लोक लिस्बनला जमले, आणि त्यांना एश्ताउश वाड्यात कोंडले. इतिवृत्तांत वीस हजारांचा आकडा येतो. अन्नपाणी तोडले, प्रवचनकार आत पाठवले, मुदत संपेपर्यंत जहाजे दिली नाहीत. मुदत संपल्यावर सांगण्यात आले की आता तुम्ही राजाचे गुलाम आहात. मग बाप्तिस्मा. मोजक्या लोकांनी अखेरपर्यंत नकार दिला, त्यांना शेवटी जाऊ दिले.

सिल्व्हीशचा बिशप फेर्नांदो कोतिन्यो याने १५३१ मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी, आपण डोळ्यांनी पाहिलेले लेखी नोंदवले. लोकांना केसांना धरून बाप्तिस्म्याच्या कुंडापर्यंत ओढत नेले. एक बाप डोके झाकून, मुलाला सोबत घेऊन चालला होता, आणि आम्हाला मोशेच्या, म्हणजे ज्यूंच्या, धर्मशास्त्रातच मरायचे आहे याला देव साक्षी आहे, असे म्हणत होता. कोतिन्योचे म्हणणे होते की असा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, म्हणून या लोकांवर पाखंडाचा खटला चालवता येत नाही. चर्चच्या एका बिशपने चर्चच्याच नियमाचा आधार घेऊन हे लिहिले होते. त्याचे कोणी ऐकले नाही.

गोइशने आणखी एक गोष्ट उघड लिहिली आहे, आणि ती वरच्या इयत्तेच्या धड्यात असायलाच हवी. तोच हुकूम मुसलमानांनाही लागू होता, मग त्यांची मुले का काढून घेतली नाहीत? कारण त्यांच्या बाजूने उभे राहणारे मुसलमान राजे होते आणि त्यांच्या राज्यांत राहणाऱ्या ख्रिस्त्यांवर ते सूड उगवू शकले असते. ज्यूंचा कुठे राजा नव्हता.

आता पंचांगातली एक जागा पाहा. वास्को द गामाची जहाजे लिस्बनहून ८ जुलै १४९७ रोजी सुटली. हकालपट्टीच्या हुकमाची मुदत तेव्हा चालू होती. समुद्रावर सूर्याच्या उंचीवरून अक्षांश काढण्यासाठी जी कोष्टके पोर्तुगीज खलाशी वापरत, ती अब्राहम झाकूतो या ज्यू खगोलशास्त्रज्ञाची. १४९६ मध्ये, हकालपट्टीच्या हुकमाच्याच वर्षी, ती पोर्तुगालमध्ये लैरिया इथे छापली गेली. झाकूतोला स्वतःला देश सोडून ट्युनिसला जावे लागले. परतीच्या वाटेवर १४९८ मध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटापाशी गामाच्या माणसांनी गोव्याच्या अधिपतीच्या चाकरीतला एक ज्यू पकडला, त्याला फटके मारून बोलते केले, पोर्तुगालला नेले आणि बाप्तिस्मा दिला. तो पुढे गास्पार द गामा म्हणून ओळखला गेला. दोन धड्यांत वेगवेगळे शिकवले जाणारे हे विषय त्याच दोन-तीन वर्षांतले आहेत.

मानुएलने ३० मे १४९७ रोजी नवख्रिस्त्यांना, म्हणजे बाप्तिस्मा दिलेल्या या ज्यूंना, आश्वासन दिले होते की वीस वर्षे त्यांच्या श्रद्धेची चौकशी होणार नाही. १४९९ मध्ये त्यांना परवानगीशिवाय देश सोडायला बंदी झाली. १९ एप्रिल १५०६ रोजी लिस्बनच्या साओ दोमिंगोश चर्चमध्ये क्रूसावर प्रकाश दिसला म्हणून गर्दी झाली. एक नवख्रिस्ती म्हणाला की तो मेणबत्तीचा उजेड असेल. त्याला तिथेच मारले. तीन दिवसांच्या कत्तलीत दोन हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसे गेली. १५३६ मध्ये पोर्तुगालला इन्क्विझिशन मिळाले, आणि चौकशीसाठी माणसे आधीच तयार होती.

चौकशी घरातून सुरू होई. चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या जाहीरनाम्यात खुणांची यादीच असे: शुक्रवारी संध्याकाळी नव्या वाती घालून दिवे लावणे, शनिवारी धुतलेले कपडे घालणे, मांसातली चरबी काढून टाकणे, डुक्कर, ससा आणि खवले नसलेले मासे न खाणे, घरात मृत्यू झाला की घागरीतले पाणी ओतून देणे. ही यादी ऐकणारे होते शेजारी आणि मोलकरणी. कोणी तक्रार केली तर अटक, आणि त्याच दिवशी घरातल्या वस्तूंची यादी करून मालमत्ता अडकवून ठेवायची. साक्षीदारांची नावे आरोपीला सांगायची नाहीत. त्याने स्वतःहून कबूल करायचे, पण कशाबद्दल ते सांगायचे नाही. आणि कबुली ‘अपुरी’ ठरू शकत असे: आपल्याबरोबर उपास धरणारी आई, बहीण, नवरा यांची नावे दिली नाहीत तर पश्चात्ताप खोटा. म्हणून एक खटला निघाला की सगळे घर आत जाई. शिक्षा जाहीर समारंभात वाचली जाई. मृत्युदंडाच्या ठिकाणी कागदावर लिहीत, ‘मुलकी सत्तेच्या हवाली केले’. हे शब्द तसेच भाषांतरित करून ठेवू नका, मुलांना अर्थ कळणार नाही. त्याचा अर्थ जाळणे. शेवटच्या घटकेला ख्रिस्ती म्हणून मरतो म्हटले तर आधी गळा आवळत आणि मग जाळत.

गोव्यातल्या वाचकाला या यादीची ओळख पटेल. १७३६ चा गोवा इन्क्विझिशनचा जाहीरनामा काय मना करतो? लग्नात हळद लावणे, विडे वाटणे, दारात तुळस, धोतर, चोळी, मीठ न घालता शिजवलेला भात. हत्यार तेच आहे: स्वयंपाकघर आणि अंगण हाच पुरावा. आपल्याकडे गोवा इन्क्विझिशन म्हणजे हिंदूंवरचा अत्याचार एवढेच शिकवले जाते, आणि पुढच्या काळात खटल्यांचा मोठा भाग हिंदू मूळ असलेल्या ख्रिस्त्यांचा होता हे खरेच आहे. बाप्तिस्मा न झालेल्या हिंदूंवरही धर्मांतरात अडथळा आणल्याबद्दल खटले झाले. पण १६ मे १५४६ रोजी धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियरने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशन मागितले तेव्हा त्याने नाव घेतले ते मोशेच्या धर्मशास्त्राप्रमाणे आणि मुसलमानी रीतीने जगणाऱ्यांचे. १५४३ मध्येच जेरोनिमो दियश नावाच्या नवख्रिस्ती वैद्याला गोव्यात जाळले होते. १५५७ मध्ये कोचीत नवख्रिस्त्यांची धरपकड झाली. १५६० च्या अखेरीस आलेक्सो दियश फाल्कांव आणि फ्रान्सिस्को मार्किश हे पहिले दोन इन्क्विझिटर गोव्यात उतरले. आदिलशहाच्या जुन्या वाड्यात न्यायालय बसले. लोक त्या वाड्याला ‘व्हडलें घर’ म्हणत. न्यायालय १७७४ मध्ये बंद झाले, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे संपले. एकाचे दुःख दाखवायला दुसऱ्याचे झाकावे लागत नाही. दोन्ही एकाच पानावर मावतात.

आता शब्दांबद्दल. मराठीत ‘बाटला’, ‘बाटवला’ हे शब्द सहज तोंडी येतात. त्यात विटाळ ज्याच्यावर सक्ती झाली त्याला चिकटतो. स्पॅनिशमधला ‘मर्रानो’ तसाच, त्याचा अर्थ डुक्कर. तो पुस्तकांतून आपल्याकडेही आला आहे. दोन्ही टाळावेत. हिब्रूत या लोकांना ‘अनुसीम’ म्हणतात, सक्ती झालेले. आपण ‘सक्तीने बाप्तिस्मा दिलेले’ किंवा ‘नवख्रिस्ती’ लिहावे. ‘धर्मांतर केले’ आणि ‘धर्मांतर करवले’ या क्रियापदांत कर्ता बदलतो, तेव्हा मुद्रितशोधकालाही तेवढे सांगून ठेवावे.

आकडे. स्पेनमधून १४९२ मध्ये गेलेल्यांचे अंदाज चाळीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत आहेत. एकच आकडा छापला की तो पाठ होतो आणि पुढे तोच खरा ठरतो, म्हणून दोन्ही टोके द्या. गोव्याच्या न्यायालयाचे दप्तर बहुतांश जाळून टाकले गेले. जुआंव देल्गादो फिगैरा याने तयार केलेली १६२३ पर्यंतची खटल्यांची सूची उरली आहे, तिच्यात सुमारे ३,८०० नोंदी आहेत. एवढे भरवशाचे आहे. तारखा जुन्या ज्युलियन पंचांगाच्या आहेत, त्या आजच्या तारखांत बदलू नका, नाहीतर दोन पुस्तकांत दोन तारखा होतात.

आणखी एक गल्लत वारंवार दिसते. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल हे स्पेन-पोर्तुगालचे निर्वासित नव्हेत. त्यांची परंपरा अलिबागजवळच्या नवगावला फुटलेल्या गलबताची आहे आणि ती फार जुनी आहे. स्पेन-पोर्तुगालमधून आलेल्या काही कुटुंबांचा संबंध कोचीच्या परदेशी ज्यूंशी येतो. तिथले सिनेगॉग १५६८ चे.

त्याच १५६८ मध्ये गोव्यात गार्सिया द ओर्ता वारला. पणजीच्या मध्यावर त्याच्या नावाची बाग आहे. त्याचे आईवडील १४९२ मध्ये स्पेनमधून पोर्तुगालला आलेले ज्यू, आणि सक्तीचा बाप्तिस्मा त्यांच्या वाट्याला आला. ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात उतरला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य आणि स्नेही झाला. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते, आणि तिथल्या आपल्या आंब्याबद्दल त्याने लिहून ठेवले आहे. पटकीच्या साथीसाठी इथले लोक वापरत असलेला शब्दही त्याने टिपला, आपली ‘मोडशी’. १५६३ मध्ये त्याचा औषधींवरचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षी बहीण कातारीनाला इन्क्विझिशनने जाळले. भाऊ घरात ज्यू धर्म पाळत होता, हे तिच्या आणि इतर नातेवाइकांच्या तुरुंगातल्या जबान्यांत आले. त्या जबान्या कशा घेतल्या जात हे वर सांगितलेच आहे, तेव्हा त्या वापरताना ‘तुरुंगातील जबानीनुसार’ हे दोन शब्द लिहावेत. १५८० मध्ये ओर्ताची हाडे उकरून जाळण्यात आली.

या बागेसारख्या ठिकाणी लावायच्या फलकाचा मजकूर आम्ही खाली देत आहोत. मराठी, कोकणी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत तो सारखाच असावा; एका भाषेत ‘थोर वनस्पतितज्ज्ञ’ आणि दुसऱ्या भाषेत पूर्ण हकिकत असे होऊ नये.

‘गार्सिया द ओर्ता (सुमारे १५०१–१५६८). वैद्य. जन्म कास्तेलो द व्हीद, पोर्तुगाल. आईवडील १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेले आणि १४९७ मध्ये पोर्तुगालमध्ये सक्तीने बाप्तिस्मा दिलेले ज्यू. १५३४ पासून गोव्यात. भारतातील औषधींवरचा त्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. बहीण कातारीना हिला गोवा इन्क्विझिशनने २५ ऑक्टोबर १५६९ रोजी जाळले. १५८० मध्ये गार्सिया यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या.’

मजकूर जेमतेम पन्नास-पंचावन्न शब्दांचा आहे. तरीही जागा कमी पडली तर ग्रंथाचा उल्लेख गाळावा, तो इतरत्र सापडतो. कातारीनाचे नाव गाळू नये.

आपले,
इतिहास शिकवणारे आणि जुनी दप्तरे वाचणारे काही जण